हिपॅटायटिस लसीकरण, परदेशप्रवाशांचे

परदेशी जाणाऱ्या-येणाऱ्यांना विषाणुजन्य कावीळ होऊ नये म्हणून दिल्या जाणाऱ्या लसी. ए, बी, सी, डी, ई या पाच विषाणूंपैकी प्रवाशाला टोचतात त्या ए आणि बीच्या. सीवर लस नाही. डी हा बीच्या आधारानेच वाढतो, त्यामुळे बीची लस त्यालाही रोखते. ईची लस चीनने 2011 मध्ये मान्य केली, पण भारताच्या सार्वत्रिक लसीकरणात ती नाही. 2012 मध्ये इचलकरंजीत दूषित पाण्यातून पसरलेली कावीळ ईचीच होती.

ए विषाणू मैला मिसळलेल्या पाण्यातून आणि अन्नातून पोटात जातो. मुंबईच्या उपनगरांत, उदाहरणार्थ कांदिवलीच्या चारकोपमध्ये, त्याचा फटका कोणाला बसतो हे पाहण्यासारखे आहे. 1980च्या दशकात जागतिक बँकेच्या साहाय्याने म्हाडाने येथे भूखंड पाडून सेक्टर वसवले. अशा वसाहतींत आलेल्या जुन्या पिढीतल्या बहुतेकांना ए लहानपणीच, पुष्कळदा नकळत होऊन गेलेला असतो आणि त्याची प्रतिकारशक्ती जन्मभर टिकते. म्हणून एकाच गाडीवरची पाणीपुरी आजीला बाधत नाही. न्यू जर्सीत जन्मलेला, लस न घेतलेला नातू मात्र परत गेल्यावर महिन्याभराने पिवळा पडू शकतो. (संसर्गापासून लक्षणांपर्यंत 15 ते 50 दिवस जातात.) नातेवाइकांकडे राहायला येणाऱ्याला हॉटेलातल्या पर्यटकापेक्षा धोका अधिक, आणि लस टाळतात तेही हेच. ‘आम्ही इथलंच पाणी पिऊन वाढलो’ हे आईबापांचे म्हणणे खरे असते, पण ती प्रतिकारशक्ती त्यांची. मुलाला ती वारशाने मिळत नाही. चारकोपच्याच टॉवरमध्ये फिल्टरच्या पाण्यावर वाढलेल्या मुलांचीही गत तीच.

एची मृत विषाणूची लस वर्षाच्या पुढे, किमान सहा महिन्यांच्या अंतराने दोनदा देतात. जिवंत, क्षीण केलेल्या विषाणूची एका डोसची लसही भारतात मिळते. निघायला चार दिवस उरले असले तरी पहिला डोस घेण्यात अर्थ आहे.

बी रक्तातून, लैंगिक संबंधातून आणि आईकडून बाळाला होतो. भारताच्या सार्वत्रिक लसीकरणात ही लस 2011 मध्ये देशभर पोहोचली, त्यामुळे आज तिशीत आखातात निघालेल्या अनेकांना ती लहानपणी मिळालेलीच नाही. नेहमीचे वेळापत्रक 0, 1 आणि 6 महिने. घाई असेल तर 0, 7, 21 दिवस आणि वर्षाने चौथा डोस. आखाती व्हिसाच्या मेडिकलमध्ये बीची रक्ततपासणी असते आणि पॉझिटिव्ह आला की उमेदवार ‘अनफिट’. लस घेतल्यावर दोन-तीन आठवडे ही तपासणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते; तेव्हा रक्त आधी, सुई नंतर. इंजेक्शन दंडातच घ्यावे, कमरेवर घेतल्यास परिणाम कमी होतो.

आफ्रिकेला जाताना लागणारे पिवळे कार्ड यलो फीव्हरच्या लसीचे असते. काविळीपासून ती लस संरक्षण देत नाही.