दौलताबादच्या रस्त्यावरून गेलेली सरदारकन्या

परवाच्या शनिवारी वेरूळला निघालो होतो. दौलताबादला चहा झाला, आणि मंडळी किल्ला चढायला गेली. मी गुडघ्याचं कारण सांगून खालीच बसलो. (अंधारीतली वटवाघळं तीनदा बघून झालीयेत.) डोक्यात दुसरंच काहीतरी चाललं होतं. 1936 च्या डिसेंबरात अमृता शेर-गिल वेरूळ-अजिंठा बघायला आली होती. औरंगाबादहून, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरहून, वेरूळचा रस्ता तेव्हाही याच किल्ल्याखालून जायचा. मुलूख निजामाचा होता आणि ती तेवीस वर्षांची होती.

आपल्याला अमृता आठवते ती किमतीमुळे. 2023 मध्ये तिचं 'द स्टोरी टेलर' 61.8 कोटींना गेलं तेव्हा आमच्या ऑफिसातही दोन दिवस चर्चा होती. असो.

घराणं मजिठ्याच्या सरदारांचं. आजोबा सुरतसिंग 1857 मध्ये इंग्रजांच्या बाजूने लढले आणि त्याबद्दल त्यांना गोरखपूरकडे जमीन मिळाली. काका सुंदरसिंग 'सर' झाले. वडील उमरावसिंग मात्र वेगळे. संस्कृत-फारसीचा अभ्यास, फोटोग्राफीचा नाद, आणि गदर पार्टीशी संबंध असल्याचा इंग्रजांना संशय. आई हंगेरियन, आणि नाव काय तर मारी आंत्वानेत! क्रांतीत मान गमावलेल्या राणीचं नाव, आणि पोरीच्या नशिबी पुन्हा क्रांतीचाच काळ.

सोळाव्या वर्षी अमृता पॅरिसला गेली. तिथे तिने भराभर माणसं रंगवली. मैत्रिणी, बहीण, मॉडेल्स आणि स्वतःला तर कितीदा तरी. 'यंग गर्ल्स' या चित्राला 1933 मध्ये सुवर्णपदक मिळालं. चेहरा हुबेहूब उतरवायचा आणि वर तेलरंगांची श्रीमंती, हे तिला चांगलंच जमत होतं. पण 1934 च्या अखेरीस ती परतली, कारण चित्रकार म्हणून आपली जागा हिंदुस्थानातच आहे अशी तिची खात्री झाली होती. 'थ्री गर्ल्स' 1935 चं. तीन मुली, तिघींच्या नजरा खाली, आपल्याकडे एकीचंही लक्ष नाही. याच चित्राला 1937 मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं.

त्याच्या आधी मुंबईत ताजमध्ये प्रदर्शन झालं, वकील आणि कलासमीक्षक कार्ल खंडालावालांशी दोस्ती झाली, आणि मग ती इकडे आली. वेरूळ तिला भव्य वाटलं. पण परतल्यापासून दुसऱ्या कुणाच्या कामातून आपण शिकलो ते पहिल्यांदा अजिंठ्यात, असं तिने लिहून ठेवलंय. काय शिकली असेल? अजिंठ्यात सावळ्या कातडीचं कौतुक आहे आणि रेषा लवचिक आहे, पण चेहरा 'अमक्याचा' म्हणून रंगवलेला नाही. मान कलते, हात वळतो आणि माणूस कळतो. पुढे ती दक्षिणेत कन्याकुमारीपर्यंत गेली आणि 1937 मध्ये 'ब्राइड्स टॉयलेट', 'ब्रह्मचारी' आणि बाजाराला निघालेले दक्षिणेतले खेडूत, अशी तीन चित्रं झाली. ती बघताना अजिंठा आठवला नाही तरच नवल.

वाटेत हैदराबादला सालारजंगांचा संग्रह बघून, एवढ्या पैशात हे असलं काय जमवलंत, अशा अर्थाचं ती तोंडावर बोलली. चित्रं अर्थातच खपली नाहीत. (क्लायंट मीटिंगला हिला नेता आलं नसतं.)

मला एक गोष्ट राहून राहून खुपते. 1938 मध्ये मावसभाऊ व्हिक्टर एगनशी लग्न करून ती सरायाला, काकांच्या साखर कारखान्याच्या इस्टेटीवर राहिली. चौरीचौरा तिथून अगदी जवळ. 1922 मध्ये जमावाने पोलीस ठाणं पेटवलं, गांधींनी असहकार थांबवला आणि पुढे एकोणीस जण फासावर गेले, ते हेच चौरीचौरा. आणि ही तिथल्या गड्यांची, बायकांची चित्रं काढत होती. हवेलीतून गरिबी रंगवणं म्हणून नावं ठेवायला आपण मोकळे आहोत. मीही ठेवायचो. पण तिच्या चित्रातली माणसं आपल्याला हात जोडत नाहीत, की मुठी वळत नाहीत. आपल्याकडे बघतच नाहीत. आपण बाहेरून बघतोय हे तिला ठाऊक होतं आणि तिने ते लपवलं नाही. मला हा प्रामाणिकपणा वाटतो. तुम्हाला पटलं नाही तर बोला.

नेहरूंशी तिची ओळख होती, पत्रव्यवहार होता. त्यातली बरीच पत्रं आईवडिलांनी जाळून टाकली. अमृता भयंकर चिडली होती.

1941 मध्ये दोघं लाहोरला गेली. प्रदर्शन तोंडावर आलं असताना ती आजारी पडली आणि 5 डिसेंबरला गेली. वय अठ्ठावीस. माझ्याएवढंच. शेवटचं चित्र अर्धवट राहिलं. घराच्या गच्चीवरून दिसणारी मातीची घरं आणि काळ्या म्हशी, बस.

तेवढ्यात मंडळी घामाघूम होऊन खाली आली आणि आम्ही वेरूळच्या रस्त्याला लागलो.