खोल नळी सिंचन

जमिनीत उभ्या पुरलेल्या नळीतून झाडाच्या मुळांशी थेट पाणी पोचवण्याची पद्धत. आळ्यात ओतलेले बरेच पाणी उन्हाने उडून जाते, काही तणच पिते. नळीतले पाणी मात्र खालच्या थरात मुरते आणि मुळे त्याच्या ओढीने खोल जातात. अमेरिकेतील कॅलिफोर्नियाच्या वाळवंटी भागात उजाड जमिनीवर रोपे जगवण्यासाठी डेव्हिड बेनब्रिज यांनी हिचा वापर व अभ्यास केला.

साधने घरगुती चालतात: सुमारे 5 सेंमी. व्यासाची पीव्हीसी नळी, पोकळ बांबू किंवा बूड कापलेल्या बाटल्या. नळीचे 30 ते 50 सेंमी. जमिनीत जातात. रोपाकडच्या बाजूला 1–2 मिमी.ची भोके वरपासून खालपर्यंत पाडावीत. ती फक्त तळाशी असली तर कोवळी, उथळ मुळे कोरडी राहतात. अशाने रोपे दगावू शकतात. मोठ्या झाडाला खोडालगत नळी पुरून उपयोग नाही, कारण पाणी शोषणारी बारीक मुळे फांद्यांच्या घेराखाली आणि त्याबाहेरही पसरलेली असतात. तेथे तीन-चार नळ्या लागतात. तोंडाला जाळी हवीच, नाहीतर पाण्याच्या आशेने आलेले सरडे आत अडकून मरतात. मुरमाड जमिनीत पाणी सरळ खाली निसटते, म्हणून थोडे थोडे, पण वरचेवर द्यावे.