सुंदरी, पशू आणि रोज रात्रीचा एकच प्रश्न

इथल्या पुस्तकांच्या दुकानात हल्ली परीकथा मोठ्यांच्या कपाटातही सापडतात. काळोखा राजवाडा, शापित नायक आणि तीनशे पानं झाली तरी 'हो' न म्हणणारी नायिका. या सगळ्यांची खापरपणजी म्हणजे 'ब्यूटी अँड द बीस्ट'.

मादाम द विलनव्ह यांनी ती १७४० मध्ये फ्रेंचमध्ये लिहिली, भलतीच लांबलचक. आपल्याला माहीत असलेलं आटोपशीर रूप मात्र १७५६ साली लंडनमध्ये छापलं गेलं. लेखिका मादाम द बोमों फ्रान्सहून इथे येऊन मोठ्या घरच्या मुलींना शिकवत. म्हणजे त्याही आपल्यासारख्याच, नोकरीसाठी आलेल्या!

त्यांच्या कथेत पशू रोज रात्री नऊला जेवणाच्या वेळी येतो आणि विचारतो, लग्न करशील का? ती नाही म्हणते. तो उसासा टाकून निघून जातो. असे तीन महिने. मग ती वडिलांना भेटायला आठवडाभर जाऊ का म्हणते, आणि ती परतली नाही तर आपण मरू हे ठाऊक असूनही तो तिला जाऊ देतो. आमच्या मते कथेचा जीव इथे आहे. दार उघडं असताना ती परत येते, म्हणून तिच्या होकाराला किंमत.

मरिना वॉर्नर यांनी १९९४ च्या आपल्या ग्रंथात ही कथा ठरवून होणाऱ्या लग्नांशी जोडली आहे. आम्हा दोघांचं लग्न दोन भेटींत ठरलं, त्यामुळे ते लगेच पटलं. डिपेंडंट व्हिसावर हीथ्रोला उतरलेल्या नवरीला घर, थंडी, नवरा सगळंच अनोळखी, ओळख मागाहून. (परतीचं तिकीट कुणाच्या हातात, हा प्रश्न तेव्हा आम्हाला सुचलाही नव्हता.)

अँजेला कार्टर यांच्या 'द ब्लडी चेंबर' (१९७९) मध्ये याच कथेची दोन रूपं आहेत. 'द टायगर्स ब्राइड'मध्ये बाप मुलीला पत्त्यांत हरतो. वाघ तिला विवस्त्र पाहू मागतो, ती नकार देते. मग तोच आधी मुखवटा काढतो. पुढे घरी जायची मोकळीक मिळूनही ती थांबते, आणि शेवटी माणूस तो होत नाही, वाघीण ती होते!

याउलट कर्नाडांच्या 'नागमंडल'मध्ये नाग नवऱ्याचं रूप घेऊन येतो. आपण कुणाला हो म्हणतोय हेच राणीला माहीत नसतं. अलीकडच्या कित्येक कादंबऱ्यांतही दाराला कुलूप घालून त्यालाच प्रेम म्हणतात. असो.

बोमोंबाईंची गोष्ट इंग्रजीत अर्ध्या तासात वाचून होते. कार्टर मात्र मुलं झोपल्यावरच उघडा.