खात्रीचा शब्द

काळी नदी दिग्गीच्या परिसरात उगम पावते, हे आपल्याकडे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. त्याच परिसरातील घरांतून सुरण शिजवताना आमसूल किंवा चिंच घालण्याची रीत मात्र कोणी पाठ केलेली नाही. ती अंगवळणी पडलेली आहे. सुरणात कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते घशाला टोचतात आणि आंबटाने तो जाच कमी होतो, हे स्पष्टीकरण पुष्कळ नंतरचे. कडू करांद्यांचेही तसेच. कोणता कंद नुसता उकडून चालतो आणि कोणता चिरून पाण्यात ठेवल्यावाचून ताटात येऊ नये, हे सांगणारी बाई घरातच असे, आणि तिचा शब्द चुकला तर त्याचे फळ तिलाही त्याच पंगतीत भोगावे लागे. सांगणारा आणि खाणारा एकाच चुलीचा, हा खात्रीचा सर्वांत जुना प्रकार होय.

ही खात्री दुकानातून येणाऱ्या जिनसांना लागू पडत नव्हती. मीठ समुद्राकाठचे, तेल कुठल्या तरी घाण्याचे, चहा तर त्याहून दूरचा. तेथे कोणाचे ऐकावे, हा प्रश्न मराठी माणसाला नवा नाही. सतराव्या शतकात रघुनाथ गणेश नवहस्त या पंडिताने ‘भोजनकुतूहल’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात धान्ये, भाज्या, दूध-दही यांचे गुणदोष आहेत. ग्रंथ मुख्यतः संकलनाचा आहे, म्हणून काही अभ्यासक त्यास दुय्यम लेखतात. मला तोच त्याचा मोठेपणा वाटतो: आपले मत पुढे करण्याऐवजी आधीच्या ग्रंथांची साक्ष काढणारा हा लेखक होता. पुढे १८७५ मध्ये रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ छापले गेले, १९१० मध्ये लक्ष्मीबाई धुरंधरांचे ‘गृहिणी-मित्र’ आले. या पुस्तकांनी पाककृती दिल्या. परंतु विकत आणलेला जिन्नस शुद्ध आहे की नाही, याचा निवाडा पाकपुस्तकाच्या आवाक्यात नव्हता.

तो सरकारच्या कक्षेत आला आणि येथे आपल्या मुलखाचा इतिहास आडवा येतो. उत्तर कानडा जिल्हा १८६२ पासून मुंबई इलाख्यात होता. १९२५ चा भेसळप्रतिबंधाचा कायदा हा त्या इलाख्याचाच. तेव्हा घाटापलीकडे पोर्तुगीज अंमल होता. म्हणजे डोंगराच्या दोन्ही अंगांना नाती एक, जेवण बरेचसे एक, पण कायदे दोन. १९५४ मध्ये सबंध देशासाठी भेसळप्रतिबंधाचा कायदा झाला, १९५६ मध्ये आपला जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, आणि १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला. अवघ्या सात वर्षांत एवढी उलथापालथ! पोषणाच्या ज्ञानाची वाट याहून निराळी होती. कुन्नूर येथील प्रयोगशाळेतून आयक्रॉइड यांनी १९३७ मध्ये भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांची पुस्तिका काढली. ती संस्था १९५८ मध्ये हैदराबादला गेली, आणि १९७१ मध्ये गोपालन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती मूल्ये नव्याने प्रसिद्ध केली. २०१७ च्या कोष्टकांत ५२८ पदार्थ आहेत.

तथापि कायदा झाला म्हणून भेसळ थांबली नाही. ही उणीव प्रथम जाणवली ती शहरांतल्या गृहिणींना. १९६६ मध्ये मुंबईत नऊ स्त्रियांनी ‘कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया’ ही संस्था स्थापन केली. वस्तूंची पद्धतशीर चाचणी करून घेण्याचा पायंडा तिने पाडला, आणि ‘कीमत’ या नियतकालिकातून ती माहिती घरोघरी नेली. १९७५ च्या गुढीपाडव्याला मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. बिंदुमाधव जोशींबरोबर संस्थापकांत सुधीर फडके होते, हे त्यांच्या गाण्यांवर प्रेम करणाऱ्या पुष्कळांना आजही ठाऊक नसते. पंचायतीची रीत साधी होती. शेजारच्या काही कुटुंबांनी संघ करावा, महिन्याची मागणी एकत्र नोंदवावी, माल घाऊक दराने व पारखून आणावा आणि तो सभासदांनीच आपसांत वाटून घ्यावा. माल निवडणारे आणि खाणारे पुन्हा एकाच पंगतीत आले. दिग्गीच्या चुलीवरचीच ही रीत, फक्त पार्ल्याच्या जिन्यावर चढलेली.

चुकीचे मोल किती, हे १९९८ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीत दिसले. मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचे तेल मिसळले गेले, जलोदरासारख्या सुजेची साथ पसरली आणि साठांहून अधिक माणसे दगावली. त्याच वर्षी खाद्यतेल बंद वेष्टनात विकण्याचा आदेश निघाला. एका वर्षापूर्वीपर्यंत लोक ज्या सुट्या तेलावर निर्धास्त होते, तेच संशयाचे झाले.

आज वेष्टनावर अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा चौदा अंकी परवाना क्रमांक असतो. कुकर, गॅसची शेगडी यांवर मानक ब्यूरोचे चिन्ह पाहता येते. पण चिन्ह वाचता येणे एक आणि त्यावर शंका घेता येणे दुसरे. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याच्या ४० व्या कलमाने सामान्य खरेदीदारासही हा अधिकार दिला आहे: आपण हा माल तपासून घेणार आहोत, असे खरेदीच्या वेळीच दुकानदारास सांगावे, शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून अहवाल घ्यावा, आणि माल सदोष ठरल्यास शुल्क परत मिळते. जुन्या १९५४ च्या कायद्यातही अशीच तरतूद होती. ती वापरणारे थोडे, कारण ज्याच्याकडून पिढ्यान्‌पिढ्या उधारी चालली त्या दुकानदाराच्या तोंडावर ‘तपासून घेतो’ म्हणणे आपल्या खेड्यांत सोपे नाही. शिवाय दिग्गीहून तालुक्याचे ठिकाण दूर, जिल्ह्याचे कारवार त्याहून दूर, आणि पावसाळ्यात वाटेचा भरवसा नाही.

जोयड्यात कुणबी समाजाचा कंदमुळांचा मेळा भरतो. तेथे मांडलेल्या कंदांपैकी काहींची पोषणमूल्ये हैदराबादच्या कोष्टकात सापडतील. कोणता कंद किती आंबटात शिजवावा, हे मात्र तेथे मांडीवर टोपली घेऊन बसलेल्या आजीलाच विचारावे लागते.