नाव झाकलेला कागद

शाळेचे सत्र संपत आले म्हणजे गोव्यात आणि बेळगावात कॅथलिक शाळांतून बक्षीस-समारंभ होतात. व्यासपीठावर पाद्री असतात, समोर पालक. आणि त्या पालकांत कपाळी गंध लावलेले आपले लोकही पुष्कळ असतात. मुलाचे नाव पुकारले गेले की टाळी वाजवताना धर्मभेद कोणाच्या ध्यानी राहत नाही. या समारंभाची एक मुळी आपल्याच भूमीत, जुन्या गोव्यात, चार शतकांहून अधिक काळ रुजलेली आहे. ती सर्वस्वी गोड नाही. म्हणूनच ती नीट पाहिली पाहिजे.

तिसवाडीतील देवळे पाडली गेल्यावर त्यांच्या जमिनींचे उत्पन्न १५४१ साली एका नव्या ख्रिस्ती विद्यालयाकडे वळविण्यात आले. गावकऱ्यांची संमती कागदावर आहे; तलवारीच्या छायेत दिलेल्या संमतीची किंमत काय, हे वकिलाने सांगावयास नको. पुढे हेच विद्यालय जेझुइट संघाच्या हाती येऊन सेंट पॉल कॉलेज या नावाने प्रसिद्धीस आले. ज्या उत्पन्नावर देवाचा नैवेद्य आणि नंदादीप चालावयाचा, त्यावर लॅटिनचे वर्ग चालू लागले.

१५५६ साली अॅबिसिनियाकडे निघालेला एक छापखाना गोव्यात उतरला आणि येथेच राहिला. तो या कॉलेजात उभारण्यात आला. त्यातून प्रथम काय छापले गेले? विद्यार्थ्यांनी भरसभेत ज्यांवर वाद करावयाचा ते सिद्धान्त! त्यांची प्रत आज उपलब्ध नाही. तत्कालीन पत्रांवरून ही गोष्ट कळते. भारतातील मुद्रणाचा श्रीगणेशा असा विद्यार्थ्यांच्या विद्याप्रदर्शनासाठी झाला.

जेझुइट संघाने आपल्या सर्व विद्यालयांसाठी १५९९ साली ‘राशिओ स्टुडिओरम’ नावाची अभ्यास-संहिता कायम केली. तीत बक्षिसांविषयी स्वतंत्र नियम आहेत आणि ते एखाद्या उत्तम कायद्यासारखे रेखीव आहेत. स्पर्धेच्या निबंधावर विद्यार्थ्याने आपले नाव लिहावयाचे नाही, केवळ एक खूण करावयाची. दुसऱ्या कागदावर तीच खूण आणि नाव लिहून तो बंद करून द्यावयाचा. परीक्षक तीन, निर्णय बहुमताने. निर्णय होईपर्यंत नावाचा कागद उघडावयाचा नाही. दोन निबंध समान ठरले तर अधिक लिहिणारा सरस. तेथेही बरोबरी झाली तर शुद्धलेखन पाहावे, मग अक्षराचे वळण. नंतर ठरलेल्या दिवशी, शक्य तितक्या थाटाने आणि मोठ्या सभेपुढे, विजयी विद्यार्थ्यांची नावे पुकारावयाची.

आपल्याकडेही विद्वानांचा सत्कार काही कमी होत नव्हता. पुण्यास श्रावणमासी पेशव्यांची दक्षिणा वाटली जाई आणि शास्त्रीपंडितांच्या विद्येचा मान होई. परंतु ती दक्षिणा ब्राह्मणांची. विद्या पाहण्यापूर्वी जात पाहिली जात होती. जेझुइटांनी नाव झाकले, हे त्यांचे श्रेय निःसंकोच मान्य करावे. मात्र गोव्यात ते झाकलेले नाव बहुधा बाप्तिस्म्याचे असावयाचे, हेही विसरू नये. एका ठिकाणी दारावर जात उभी होती, दुसऱ्या ठिकाणी धर्म. आतला न्याय कितीही चोख असला, तरी दाराशी अडविलेल्या मुलाला त्याचा उपयोग काय?

दार उघडावयास काळ जावा लागला. १७५९ साली पोर्तुगीज सत्तेनेच जेझुइटांना आपल्या राज्यातून घालवून दिले. १७७३ साली संघच विसर्जित झाला, आणि १८१४ साली त्याचे पुनरुज्जीवन झाले. १८५६ साली बेळगावात सेंट पॉल हायस्कूल निघाले. ब्रिटिश अमलातील अशा शाळांतून हिंदू मुले आपले नाव आणि धर्म राखून शिकली. गोव्यात १९१० च्या प्रजासत्ताकानंतर हिंदूंना मोकळा श्वास घेता आला. तत्पूर्वीच, १९०८ साली, पणजीत मुष्टिफंड संस्था उभी राहिली होती. घरोघरच्या मूठमूठ तांदळावर उभारलेली ती शाळा म्हणजे हिरावून घेतलेल्या उत्पन्नाला आपल्या समाजाने दिलेले सर्वात सभ्य उत्तर होय.

आता आपल्या देवळांच्या सभामंडपांतही गुणवंत मुलांचा सत्कार होतो. शाल, श्रीफळ, देवाचा प्रसाद, सारे यथासांग असते. पण निवड करताना आपण काय पाहतो? मूल कोणत्या महाजनाच्या घरचे, त्याच्या वडिलांनी देणगी किती दिली, हे मनात येतच नाही असे छातीवर हात ठेवून किती विश्वस्त सांगू शकतील? ज्या विद्यालयाने आपल्या देवांचे उत्पन्न घेतले, त्याच्या संघाचा एवढा एक नियम आपण घेतला तर त्यात उणेपणा नाही. नाव झाकावे, कागद वाचावा, आणि दार मात्र सर्वांना उघडे ठेवावे. हे दुसरे त्यांना त्या काळी साधले नाही. आपल्याला साधले पाहिजे.