भौतिकोपचाराचे शिक्षण: परळ ते तापीकाठ

मार्गशीर्षातील दत्तयात्रेसाठी आणि तिच्यासोबत भरणाऱ्या घोडेबाजारासाठी प्रसिद्ध असलेल्या, आजच्या नंदुरबार जिल्ह्यातील तापीकाठच्या सारंगखेड्यासारख्या गावी निखळलेला खांदा बसवण्याचे किंवा आखडलेला सांधा मोकळा करण्याचे काम पूर्वी हाडवैद्याकडे जाई, आणि त्याची विद्या पुस्तकातून नव्हे, तर वडीलधाऱ्यांच्या हाताखाली राबून आलेली असे. भौतिकोपचाराला, म्हणजे व्यायाम, हस्तोपचार, उष्णता व विद्युत यांच्या साहाय्याने हालचाल परत मिळवून देणाऱ्या शास्त्राला, भारतात शिक्षणक्रमाचे रूप आले ते मात्र मुंबईतील पोलिओच्या साथीमुळे.

1952 च्या साथीनंतर मुंबई महापालिका, केंद्र सरकार आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या सहकार्याने परळच्या के.ई.एम. रुग्णालयात देशातील पहिले भौतिकोपचार विद्यालय उभे राहिले. पोलिओचा विषाणू मज्जारज्जूतील स्नायू हलवणाऱ्या पेशी नष्ट करतो, पण संवेदना शाबूत ठेवतो. त्यामुळे मुलाच्या पायातील कोणता स्नायू कितपत जिवंत आहे, हे हाताने अजमावून शून्य ते पाच या श्रेणीत नोंदवावे लागे. अवयव स्वतःचा भार उचलू शकला, पण वरून दिलेला दाब सोसू शकला नाही, तर श्रेणी तीन. एवढा निवाडा करायचा तर शरीररचनेचे पक्के ज्ञान हवेच, आणि नुसत्या मालिशीच्या सरावावर या व्यवसायाचे भागणार नाही, हे त्यातूनच स्पष्ट झाले.

पुढे पदविकेची जागा पदवीने घेतली. 1998 मध्ये धुळ्यातून नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा निघाला आणि त्याच वर्षी नाशिकला आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा राज्यभरच्या भौतिकोपचार महाविद्यालयांचा अभ्यासक्रम व परीक्षा एका छत्राखाली येण्याचा मार्ग खुला झाला. कायदा मात्र फार मागे राहिला: व्यवसायाची नोंदणी करणाऱ्या राज्य परिषदेचा अधिनियम 2002 चा, म्हणजे परळच्या आरंभानंतर तब्बल अर्ध्या शतकाचा. या दिरंगाईची झळ खेड्यातील रुग्णाला अधिक बसली, कारण शिकलेला कोण आणि फलक लावून बसलेला कोण, हे ओळखण्याचे साधन त्याच्यापाशी नव्हते.

सारंगखेड्याच्या विद्यार्थ्याला त्यानंतरच्या व्यवस्थेत भौतिक, रसायन व जीवशास्त्रासह बारावी, प्रवेश परीक्षा, सहा महिन्यांची आंतरवासिता, म्हणजे रुग्णालयातील प्रत्यक्ष उमेदवारी, धरून साडेचार वर्षांची पदवी आणि अखेरीस नोंदणी, एवढे टप्पे पार करावे लागले. 2021 च्या केंद्रीय कायद्याने या शिक्षणाचे किमान निकष देशभर एकसारखे ठरवण्याचे काम राष्ट्रीय आयोगाकडे सोपवले.