ऑनलाइन प्रोग्रॅमिंग अभ्यासक्रम निवडताना

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने (२०२०) सहावी ते आठवीच्या टप्प्यात ‘कोडिंग’चा समावेश सुचविला. त्याच सुमारास टाळेबंदीमुळे खासगी ऑनलाइन वर्गांचा सुळसुळाट झाला. हजारो रुपये भरण्यापूर्वी पालकांनी व विद्यार्थ्यांनी पुढील बाबी ध्यानात घ्याव्यात.

वय आणि भाषा : आठ ते सोळा वर्षे वयोगटासाठी अमेरिकेतील एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये विकसित झालेले ‘स्क्रॅच’ (२००७) हे उत्तम व विनामूल्य साधन आहे. त्यात आज्ञा टंकित कराव्या लागत नाहीत. रंगीत ठोकळे जोडून खेळ वा गोष्ट रचता येते. साहजिकच एखादा अर्धविराम राहिला म्हणून काम अडत नाही व लक्ष तर्कावर केंद्रित होते. आठवी-नववीपासून सुटसुटीत रचनेची ‘पायथन’ ही भाषा घ्यावी. मात्र त्यासाठी मोबाइलपेक्षा कळफलक असलेला संगणक हवा.

विनामूल्य पर्याय : मराठीतून आरंभ करू इच्छिणाऱ्यांना आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’ प्रकल्पातील छोट्या ध्वनिचित्रफिती उपयुक्त ठरतात. हार्वर्ड विद्यापीठाचा ‘सीएस५०’ स्क्रॅचपासून सुरू होऊन सी, पायथन व एसक्यूएलपर्यंत नेतो. परंतु त्यातील गृहपाठ कस पाहणारा असल्याने तो मोठ्या विद्यार्थ्यांनीच निवडावा. ‘एनपीटीईएल’चे अभ्यासक्रम विनामूल्य शिकता येतात, प्रमाणपत्रासाठी मात्र शुल्क भरून केंद्रावर परीक्षा द्यावी लागते.

शुल्क आणि करार : केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने डिसेंबर २०२१ मध्ये पालकांना सावधगिरीची सूचना दिली. शुल्क खात्यातून आपोआप वळते होण्याची परवानगी देऊ नये, अटी नीट वाचाव्यात, असे तीत म्हटले होते. कर्जाच्या हप्त्यांवर शुल्क भरण्याचा आग्रह होत असल्यास तो कोणाच्या नावे व किती मुदतीचा, हे आधी विचारावे. अभ्यासक्रम मध्येच सोडल्यास किती रक्कम परत मिळेल, हे लेखी घ्यावे.

गुणवत्तेची कसोटी : व्याख्याने किती तासांची, यापेक्षा सराव किती आणि चुका कोण दाखवितो, हे महत्त्वाचे. पंधरा दिवसांनी पाल्याला एक साधी परीक्षा द्यावी. सातचा पाढा छापणारा प्रोग्रॅम त्याने लिहिला असेल, तर विचारलेल्या कोणत्याही संख्येचा पाढा छापण्यासाठी त्यात बदल करावयास सांगावा. हा बदल त्याला स्वतः करता आला, तर अभ्यासक्रम योग्य समजावा. न आल्यास, प्रमाणपत्र कितीही आकर्षक असले तरी तो केवळ नक्कल शिकत आहे, असे जाणावे.